पांढऱ्या ठिपक्याच्या कुर्ल्या

आंबेखोलच्या रुक्मिणीला विधवा व्हायला बारा वर्षं लागली.

नवरा गंगाराम लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मुंबईहून गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. विलायतेच्या कुठल्याशा बंदरात उतरल्याची बातमी आली, आणि मग बातम्याच थांबल्या. बुडाला म्हणावं तर बुडताना कुणी पाहिला नाही. जिवंत म्हणावं तर चार ओळी नाहीत. कुणी म्हणे तिकडे गोरी बाई ठेवली. सासरच्यांनी रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली, मग भटजींना बोलावून दर्भाचा पुतळा केला, त्याला गंगाराम म्हटलं आणि खाडीच्या काठावर नेऊन जाळला. त्या गवताच्या नवऱ्यासाठी रुक्मिणीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. "गवात बेगीन जळता गो, माका रडूक सुद्धा पुरतो वेळ गावलो नाय," असं ती पुढं कधीमधी सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायकांना हसावं की पदर डोळ्यांना लावावा ते कळायचं नाही.

त्या दिवशी तिच्या शेजारी तिच्या भावाचा मुलगा गुरुदास उभा होता. लहानच होता. पुतळा पेटला तसा मोठ्यानं म्हणाला, "आते, ह्या तर गवात आसा!"

रुक्मिणीनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. घरी आल्यावर त्याला पोटाशी धरून ती जी रडली, ते तिचं खरं रडणं.

हा गुरुदास तिच्या पदरी कसा आला, तेही सांगायला हवं. तिचा भाऊ दत्ताराम मुंबईला गिरणीत होता. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरीनं लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, की मेलेलीचं पोर मी वागवणार नाही. तेव्हा दत्तारामानं ते तान्हं गाठोडं आंबेखोलला आणून बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि परतीची बोट धरली. रुक्मिणी त्याआधीच सासर सोडून माहेरच्या घरात राहायला आली होती. तिला नवरा नव्हता आणि याला आई नव्हती. दोघांचं जमून गेलं. बकरीच्या दुधावर तिनं त्याला वाढवला. त्याचं नाक पुसलं, त्याच्या तापात जागी राहिली, मालवणच्या हायस्कुलात धाडण्यासाठी स्वतःच्या हातानं सुंभ वळून विकलं. गावात तिला कुणी गुरुदासाची आते म्हणत नसत, आवस, म्हणजे आईच म्हणत.

पोराची जीभ मात्र गवताच्या पुतळ्यापाशी होती तशीच राहिली. एकदा बाजारातून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणतो म्हणाला, तर रुक्मिणी म्हणाली, "आज हाडू नको. पुनव आसा. पुनवेच्यो कुर्ल्यो पोकळ असतत."

"कोणी सांगल्यान?"

"माझ्या आवशीन."

"आणि तिका?"

"तिच्या आवशीन. आता तिच्या आवशीक इचारूक तू वरती जातलस?"

"पण कोणी दर पुनवेक फोडून बघल्यान काय?"

"बघूक कित्याक व्हया? खाताना कळता नाय?"

हा संवाद इथंच संपला असता, तर रुक्मिणीचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण गुरुदासानं तो दुसऱ्या दिवशी मालवणात दाजी डॉक्टरांना सांगितला.

दाजी डॉक्टर स्कॉटलंडात शिकून आलेले. बाजारात त्यांचा दवाखाना होता. रोग्याला औषधापेक्षा टोमणा आधी मिळायचा. रुक्मिणीच्या खोकल्याचं औषध न्यायला गुरुदास तिथं जायचा, तो भिंतीवरची हाडांची चित्रं बघत तासभर रेंगाळायचा. प्राण्यांचं शास्त्र शिकायचं, एवढं त्याच्या मनानं घेतलं होतं. ते कुठं शिकवतात याचा पत्ता नव्हता. कुर्ल्यांची गोष्ट ऐकून डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"माझ्या कॉलेजला जायचंय तुला? आधी एक वर्ष तयारीचं, मग पुढचं. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे, तिची माझ्या ओळखीत सोय होईल. पण ऐक. मार्क सगळ्यांनाच असतात. तिथले माझे मास्तर अर्जात एकच बघतात, शाळेत कुणी सांगितलं नसताना तू आपल्या विषयाचं काय केलंस. पुस्तकं वाचली म्हणशील तर ते जांभई देतील. दहा गोष्टींना हात लावू नकोस. ही एकच कुर्ली धर. काय वाटलं होतं, काय निघालं, कुठं फसलास, सगळं लिहून धाड. आणि फसलेलं लपवलंस तर पहिल्याच पानावर ओळखतील."

झालं. आंबेखोलच्या त्या घरामागं, माडांच्या सावलीत, दहा-बारा मडकी ओळीनं बसली. प्रत्येक मडक्यात खाडीचं पाणी आणि एकेक कुर्ली. शेजारच्या धोंडूकडून होडीला लावायचा पांढरा रंग आणला आणि प्रत्येकीच्या पाठीवर गुरुदासानं ठिपके दिले. एकीला एक, दुसरीला दोन, असे. कुर्ली कात टाकते, म्हणजे जुनं कवच सोडून मऊ अंगानं बाहेर येते, तेव्हा ठिपके जुन्या कवचाबरोबर जायचे. नवं कवच टणक झालं की तो परत द्यायचा. रोज शाळेतून आला की कावड घेऊन खाडीवर. जुनं पाणी ओतायचं, नवं भरायचं. बांगड्याची डोकी, तिसऱ्यांचं मांस एकेकीला घालायचं, कोण खाते, कोण खात नाही ते बघायचं, आणि सुतळीनं कवचाची रुंदी घ्यायची.

गावाला करमणूक झाली. धोंडू कुंपणावरून ओरडायचा, "काय रे गुरग्या, आज शाळेत कोण नापास झाली?" विहिरीवर शेजारची शेवंती रुक्मिणीला म्हणायची, "बाये, तुझो झील कुर्ल्येंच्या पाठीर टिळे लायता. बारसा कधी?" रुक्मिणी पोहरा ओढता ओढता उत्तर द्यायची, "तुझ्या झिलाच्या लग्नात. तो तरी खंय कोणाक पसंत पडता?"

खरं सांगायचं तर तिला हे सगळं आवडत होतं. पोरगा मालवणला असताना मडक्यांवर ओलं गोणपाट तीच टाकायची. त्यातल्या एका कुर्लीचा डावा डेंगा, म्हणजे नांगी, पकडतानाच तुटला होता. गुरुदास तिला ठिपक्यांनी ओळखायचा, रुक्मिणी तिला थोटी म्हणायची आणि माशाचा जरा बरा तुकडा तिला द्यायची. एका सकाळी थोटीनं कात टाकली, आणि तुटल्या जागी बोटाच्या पेराएवढा कोवळा डेंगा बाहेर आला. गुरुदासानं आरडाओरडा करून तिला चुलीपुढून उठवून आणलं.

"आते, बघ! गेलेलो डेंगो परत येता! दर कातीक वाढतलो!"

रुक्मिणी वाकून कितीतरी वेळ त्या इवल्या डेंग्याकडे पाहत राहिली. "कुर्ल्येक बरा आसा," एवढंच म्हणाली.

पुनवेचंही त्यानं शोधून काढलं. चंद्राचा काही संबंध दिसत नव्हता. कात टाकली की कुर्ली पाण्यानं फुगते, आत मांस राहत नाही, ती पोकळ. मग ती पुनव असो की अवस. पण एकदा असं दिसलं म्हणून भागत नाही, वर्षाचा फेरा पुरा व्हायला हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मार्गशीर्षाची अवस झाली की कागद पुरे करायचे आणि इंग्रजी नवीन वर्षाच्या आत धाडायचे. त्या शेवटच्या महिन्यात बऱ्याच कुर्ल्या कातीला आल्या होत्या, आणि थोटीचा नवा डेंगा तिसऱ्यांदा केवढा होतो, ते बघायचं राहिलं होतं.

त्याच सुमारास रुक्मिणी स्वतः दवाखान्यात गेली. खोकला निमित्त होता.

"डॉक्टरांनू," ती म्हणाली, "हो तुमच्या विलायतेक गेलो तर कधी येतलो?"

डॉक्टर कागदावर औषध लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "येणार कशाला? माझ्याबरोबर गेले ते सगळे तिकडेच राहिले. बंगले बांधले, मडमा केल्या. बाप मरायला टेकला म्हणून मी एकटा परत आलो, तो माझा गाढवपणा. तुमचा पोरगा हुशार आहे, असला गाढवपणा करायचा नाही." आणि स्वतःच्या विनोदावर ते मनसोक्त हसले. "तीन वेळा घ्या. जेवल्यावर."

औषधाची बाटली पदराखाली धरून रुक्मिणी मालवणहून चालत घरी आली. वाटेत खाडीच्या काठावर, जिथं ते गवत जाळलं होतं, तिथं थोडी बसली. मग उठली. त्या दिवसापासून थोटीला बरा तुकडा मिळेनासा झाला.

त्या वर्षी गावपळण आली.

या किनाऱ्यावरच्या काही गावांची ही जुनी रीत. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव घरदार उघडं टाकून वेशीबाहेर जातं. तीन दिवस तीन रात्री. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा. गावात एकही जीव मागं ठेवायचा नाही. ते दिवस देवाचे. वेशीबाहेर माळावर झावळांच्या खोपी बांधायच्या, दगडांच्या चुली मांडायच्या, गाणी, फुगड्या, पत्ते. पोरांना तर यासारखी चैन नाही. तीन दिवस झाले की गावकार देवळात जाऊन कौल लावतो. देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर घरी चला, नाहीतर मुक्काम वाढला.

गुरुदासानं आधी मडकी मागं ठेवायचं ठरवलं होतं. पण बाबली गावकार घरोघर फिरत होता, तो माडांखाली येऊन थबकला.

"ह्यां काय?"

"कुर्ल्यो," गुरुदास म्हणाला. "खाडयेतल्यो. ह्यो पाळीव न्हय, गावकारांनू. खाडयेतल्यो कुर्ल्यो तुम्ही खंय गावाभायर काढतास?"

"खाडयेतल्येंका मी खाऊक घालणंय नाय. हेंका तू मडक्यात ठेवतस, खाऊक घालतस, टिळे लायतस. म्हणजे पाळीव. उचल."

जमलेली माणसं हसली. रुक्मिणी नाही हसली. "उचल रे झिला," ती हळूच म्हणाली. "देवाचा काम आसा."

एका ओळखीच्याच्या बैलगाडीत गवत पसरून मडकी माळावर आली. आंबेखोलची वेस म्हणजे वरचा सडा, काळा कातळ, पाण्याचा थेंब नाही. प्यायचं पाणी एका झऱ्यावरून; खारं पाणी आणायचं तर गावातून जायला बंदी, म्हणून दुसऱ्या अंगानं, शेजारच्या गावाच्या बाजूनं डोंगर उतरून खाडी गाठायची. गुरुदास रोज सकाळी कावड घेऊन निघे, तो उन्हं डोक्यावर आल्यावर परते. खांदे सोलले होते. तिन्ही दिवस त्यानं एकही कुर्ली मरू दिली नाही.

आणि तिसऱ्या दिवसानंतर देवानं उजवी दिली नाही.

गावकार देवळातून परत आला तो मान हलवतच. मुक्काम वाढला. कुणाच्या गाठोड्यात तांदूळ उरले होते, कुणाच्या नाहीत. सुकी मासळी संपली होती, पोरं रडत होती, म्हाताऱ्या कोकलत होत्या. शेवंती चुलीवर नुसती पेज ढवळत म्हणाली, "आमच्या पोरांच्या पोटात पेज, आणि कुर्ल्येंका रोजचो बांगडो. बरा नशीब!"

रुक्मिणीनं ऐकलं. गुरुदास नुकताच कावड घेऊन उतरला होता. उतरणीवर त्याच्या डोक्यावरचा पंचा अजून दिसत होता. पंचा दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "शेवंते, वाटण वाटतस? झिलान सांगल्यान, उजवी नाय झाली तर रांधून टाक म्हणान. वरस पुरा झाला त्येचा."

"खरा गो?"

"मी खोटा बोलतंय?"

कोणीतरी नारळ फोडला. कोणी मिरच्या दिल्या. धोंडूनं उत्साहानं मडकी रिकामी केली. रुक्मिणीनं पदर खोचला आणि कुर्ल्या एकेक करून स्वतः फोडल्या. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. ठिपक्यांची कवचं तिनं सरळ चुलीत घातली. पांढरा रंग आधी फुगला, मग काळा पडला. थोटी शेवटी आली. तिनं आपल्या दोन्ही डेंग्यांनी, मोठ्या आणि लहान, रुक्मिणीच्या बोटाला धरलं. लहान डेंग्यात अजून जोर आला नव्हता. रुक्मिणीनं त्याच हातानं तिला दगडावर आपटलं.

खोपीखोपीत वाट्या गेल्या. चार दिवस कोरडं खाल्लेली माणसं बोटं चाटत बसली. आणि एका पातेलीत गुरुदासाचा वाटा झाकून ठेवलेला होता.

तो आला तेव्हा उन्हानं लाल झाला होता. कावड खाली ठेवली आणि पहिल्यांदा मडक्यांकडेच गेला. मडकी उपडी होती.

"मेल्यो रे," रुक्मिणी चुलीपाशी बसून म्हणाली. "तू गेलंस आणि सगळ्यो उलट्यो पडल्यो. उन लागला. वास येयत म्हणान मी दरीत उडवून दिलंय."

"सगळ्यो?"

"सगळ्यो. ये, आदी जेव. धोंडू त्या गावच्या गाबतांकडसून कुर्ल्यो घेवन इलो, सगळ्यांका वाटल्यान. पोटात काय नाय तुझ्या."

गुरुदास मडक्यांपाशी बसला. एक उचललं, आत बघितलं, परत उपडं घातलं. मग येऊन पानावर बसला. सकाळपासून उपाशी होता आणि वय सतरा-अठराचं. दुःखातसुद्धा भूक लागतेच. तिनं भात वाढला, वर रस्सा. तो मान खाली घालून जेवू लागला. रुक्मिणी समोर बसून त्याला वारा घालत होती.

"जेव रे झिला, निवता."

पलीकडच्या खोपीतून तोंड पुसत धोंडू बाहेर आला. त्याच्या मनात पाप नव्हतं. "गुरग्या! बरी पोसलेलंस हां रे! लोण्यासारखी लागली. पुढल्या गावपळणीक परत पाळ, बाबा!"

गुरुदासाचा हात थांबला.  तोंडातला तुकडा आधीच गिळून झाला होता. त्यानं पानातला रस्सा बोटानं बाजूला केला. एक लहानसा डेंगा होता, दुसऱ्या कुठल्याच डेंग्याशी न जुळणारा, पोरक्यासारखा. शिजून लाल झालेल्या त्याच्या मुळाशी एक पांढरा ठिपका होता. पाठीवरचे ठिपके घासून जातात म्हणून गुरुदास डेंग्याच्या मुळाशी एकेक ठिपका द्यायचा. रुक्मिणीला ते ठाऊक नव्हतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचा हातातला पंखा हलत होता.

तिला वाटलं, आता ओरडेल, पान भिरकावेल, शिव्या देईल. त्याला शांत कसा करायचा, तेही तिनं मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण पानात अन्न टाकून उठायचं नाही, ही शिस्त तिनंच त्याला लावली होती. गुरुदासानं पानातलं शेवटचं शीत संपेपर्यंत सगळं खाल्लं. तो लहान डेंगा तेवढा उचलला, पंच्याच्या टोकाला पुसला आणि खिशात टाकला. हात धुतले. मग खांद्याला कावड लावून आणलेलं खारं पाणी त्यानं कातळावर ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी उजवी झाली आणि गाव हसत-खेळत घरी परतलं.

दाजी डॉक्टरांना कळलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले. "अरे, मग हेच लिही की! वर्षभर पाळलेल्या कुर्ल्या गावपळणीत गावानं खाल्ल्या. फसलं तर फसलं म्हणून सांग. तू जे बघितलंस ते बघितलंसच ना? असला अर्ज त्या मास्तरांनी जन्मात वाचला नसेल. पुढच्या बोटीनं बोलावतील तुला."

"कोणी खाल्ल्या, ते लिहावं लागेल," गुरुदास म्हणाला. डॉक्टरांसमोर तो शुद्ध बोलायचा.

"अर्थात. नाहीतर ते विचारतील."

"मीपण खाल्ल्या."

"मग तेही लिही."

"आणि रांधल्या कुणी?"

एवढं विचारून गुरुदास नमस्कार करून उठला. डॉक्टरांकडे ठेवलेले कागद त्यानं परत मागितले नाहीत, पुरेही केले नाहीत. नवीन वर्ष आलं आणि गेलं. डॉक्टरांनी निरोप धाडला, मग चिडून निरोप धाडला, मग धाडायचं सोडून दिलं.

तेव्हा रुक्मिणी जिंकली. मुलगा घरात राहिला. मॅट्रिक झाला, गावच्याच शाळेत मास्तर झाला. पगार आणून तिच्या देवाच्या फळीवर ठेवायचा. ती आजारी पडली तर औषध आणायचा. तिनं स्थळं आणली, कसालची, नांदगावची. तो प्रत्येक मुलीला नाही म्हणाला आणि कारण दिलं नाही. तिच्याशी तो तुटक बोलायचा, लागेल तेवढंच. "भात", "पाणी", "मी शाळेत". आते हा शब्द त्या घरातून गेला तो गेला. खाडीवर तो पुन्हा उतरला नाही. आणि जेवायला बसला की कालवणातला प्रत्येक तुकडा, मासा असो की भाजी, बोटानं उलटा करून बघायचा आणि मगच तोंडात घालायचा. दर दिवशी, दोन्ही वेळेला. रुक्मिणी वाढून समोर बसायची आणि बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "इष घालतंय काय मी तुका?" त्यानं मान हलवली. नाही. आणि पुढचा तुकडा उलटा केला.

गावपळणी आल्या नि गेल्या. त्यांतल्या एकीच्या आधीच्या पावसाळ्यात रुक्मिणी विहिरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती परत उभी राहिली नाही. तिला उठवणं, बसवणं, धुणं, सगळं गुरुदास करायचा. बोलत नसे, पण तिला हात कधी आडदांडपणे लावत नसे. गाव त्याची वाखाणणी करायचं. "पोटचो झील करुचो नाय असा," शेवंती म्हणायची.

त्या वर्षी तिला पाठुंगळी घेऊन तो सडा चढला. गावात जीव मागं ठेवायचा नाही. ती वजनानं पाखरासारखी झाली होती. चढताना तिच्या तोंडाशी त्याचा कान होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास खोपीत दिसला नाही. दुपारी आला तो दुसऱ्या अंगानं डोंगर चढून, आणि हातात काथ्यानं बांधलेल्या कुर्ल्या. रुक्मिणी आडवी पडल्या पडल्या बघत होती. त्यानं स्वतः नारळ खवला, शेजारणीकडून पाटा मागून वाटण वाटलं, चूल पेटवली. पाठ तिच्याकडे करून बराच वेळ काहीतरी करत होता. शेवंती आणि दोघी-तिघी बायका कौतुकानं जवळ येऊन बसल्या.

"नशीबवान आसस गो रुक्मिणी. पुरुष माणूस रांधून घालता."

त्यानं तिला उठवून कातळाला टेकवून बसवली. मांडीवर पान ठेवलं. भात वाढला, वर रस्सा ओतला. मग एक डेंगा निवडून भाताच्या मधोमध ठेवला.

शिजून लाल झालेल्या डेंग्याच्या मुळाशी पांढरा ठिपका होता. रंग ताजा होता. रश्श्यात त्याची कड थोडी पसरली होती.

बायका बघत होत्या. गुरुदास समोर उकिडवा बसला, झावळाचा एक तुकडा उचलला आणि तिला वारा घालू लागला.

"जेव, आते," तो म्हणाला. "निवता."

किती वर्षांनी तिनं तो शब्द ऐकला होता.  तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं डेंगा उचलला, उलटा केला नाही, आणि ठिपक्यासकट दातांखाली फोडला.

"काय गो," शेवंतीनं विचारलं, "बरो रांधल्यान मगे?"

रुक्मिणीनं गिळलं.

"बरो," ती म्हणाली.

गुरुदासानं पळी उचलली आणि तिच्या पानात दुसरा डेंगा वाढला.